सज्ज्याची वाकडी रेघ

शनिवार पेठेतल्या एका वाड्याची माझ्याकडे दोन चित्रं आहेत. एक १९८८ सालचं, दुसरं यंदाच्या माघातलं. दोन्ही एकाच जागेवर बसून काढलेली. दिंडी दरवाजातून आत शिरलं की डाव्या हाताला दगडी ओटा आहे, ती जागा. समोर चौक, चौकापलीकडे ओसरीचे आठ खांब, त्यांच्यावर लाकडी सज्जा आणि सगळ्यांत वर कौलं. जुन्या चित्रात सज्ज्याची खालची रेघ अगदी सरळ आहे. नव्या चित्रात ती पाचव्या खांबापासून उतरायला लागते, सहाव्यापाशी सगळ्यांत खाली जाते आणि सातव्यापाशी परत वर येते. यंदा ती काढताना मला वाटलं, मधल्या तीन तपांत वाडा खचला. तसं झालेलं नव्हतं. वाडा १९८८ सालीही एवढाच झुकलेला होता. मी तो सरळ काढला होता.

तेव्हा मी टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा देतानाच डोक्यात पक्कं बसलेलं, की समांतर रेघा लांब जाता जाता एका बिंदूत मिळतात. सज्ज्याची रेघ त्या बिंदूकडे जाईना. दोनदा काढली, दोनदा ती खाली गेली. मग मी पट्टी लावली आणि तिला बिंदूपर्यंत नेऊन सोडलं. आमचे सर सांगायचे, रेघ चुकली असं वाटलं तरी खोडू नका, तिच्या शेजारी दुसरी ओढा, कोणती खरी ते मागाहून ठरवू. मी ऐकलं नाही. पण कागद जाड कार्ट्रिजचा होता आणि पेन्सिल दाबून धरायची माझी सवय होती. यंदा ते चित्र खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं, तर पट्टीच्या रेघेखाली खोडलेल्या दोन रेघांचे चर दिसले. दोन्ही सहाव्या खांबापाशी उतरलेले.

वाडा माझ्या शाळेतल्या मित्राचा. मित्र आता बंगळुरूला असतो, वाड्यात त्याची आई राहते, म्हणजे माझ्या काकू. वय वर्षं ८५. अक्षय्य तृतीयेच्या आत जागा रिकामी करून द्यायची असं बिल्डरबरोबर ठरलं, तेव्हा काकूंनीच मित्राकडून निरोप धाडला, की तो पूर्वी चित्र काढून घेऊन गेला होता, त्याला म्हणावं एकदा येऊन परत काढ, पाडायच्या आधी. मी अकरा दिवस जात राहिलो. सकाळी साडेआठला ऊन चौकात उतरायचं, साडेअकराला ओसरीवरून मागे सरकायचं. तेवढ्या तीन तासांत बसायचं, दुपारी काकूंकडे जेवायचं आणि मग माडी, माजघर, परस असं आतलं काढायचं.

माझ्या भाच्यानं एका दुपारी येऊन मोबाइलवर वाड्याचे तीनशे फोटो काढले. ते उपयोगी पडलेच. पण फोटोत भिंत येते ती सगळी एकदम येते. चित्रात ती एकेक रेघ करून काढावी लागते, आणि प्रत्येक रेघ कुठे सुरू होते, कुठे थांबते, तिथेच का थांबते, हे ठरवल्याशिवाय हात पुढे जात नाही. जुन्या घरात हा हात फार वेळा अडतो. खांबाची कड वर जाता जाता मध्येच जाड होते. कोनाड्याची कमान अर्ध्यावर सपाट होते. यंदा मी ठरवलं होतं, की जिथे अडेन तिथे पट्टी लावायची नाही, उठून जवळ जाऊन बघायचं आणि काकूंना विचारायचं.

पहिल्यांदा अडलो खणांपाशी.

वाड्याचं माप पूर्वी फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. जुन्या खरेदीखतांत, वाटणीपत्रांत घर इतक्या खणांचं असंच येतं. चित्र काढणाऱ्यालाही ते सोयीचं. हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर एक खण मोजायचा आणि तेच माप पुढे टाकत जायचं. ओसरीचे सहा खण नीट बसले. सातवा निम्माच निघाला. पहिले सात खांब सागाचे, सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारखे खाली भरलेले आणि वर निमुळते, माथ्याशी केळफुलं कोरलेली. आठवा चौकोनी, काही न कोरलेला, भिंतीला खेटून उभा. दर दोन खांबांमध्ये लाकडी महिरप आहे. शेवटची महिरप निम्मी येऊन भिंतीत शिरते. तिची मधली टोकदार कळी बरोबर भिंतीच्या अलीकडे करवतीनं कापलेली आहे. इतकी वर्षं रंगाचे हात बसूनही तो काप बोटाला लागतो.

“ती वाटणीची भिंत,” काकू म्हणाल्या. “मामंजींची आणि चुलत मामंजींची. मी यायच्या आधीची. ओसरी होती तेरा खणांची. तेरा दोघांत कसे वाटणार? सातवा कापला.”

साडेसहा इकडे, साडेसहा तिकडे. दोन सख्खे भाऊ एका महिरपीवरून करवत फिरवतात, तेव्हा त्या दिवशी ओसरीवर कोण उभं असेल, कोण आत जाऊन बसलं असेल, हे मला पुढे दोन दिवस सुचत राहिलं. पलीकडच्या निम्म्या वाड्याची मी कॉलेजात जायच्या आधीच चार मजली इमारत झाली होती. १९८८ च्या चित्रात तिच्या गॅलऱ्या असायला हव्या होत्या. नाहीत. तिथे मी आभाळ दाखवलं आहे.

जुन्या चित्रात अशी पुष्कळ वजाबाकी आहे. तिसऱ्या आणि चौथ्या खणात तेव्हा एक बिऱ्हाड होतं. डालड्याचे डबे फोडून, ठोकून सपाट केलेल्या पत्र्यांची त्यांनी आडोशाला भिंत केली होती. मी ती काढली नाही. टीव्हीचा अँटेना काढला नाही, दोरीवरच्या चड्ड्या-परकर काढले नाहीत, नळापाशी लावलेल्या बादल्या काढल्या नाहीत. सात बिऱ्हाडं नांदत होती त्या वाड्यात, आणि माझ्या चित्रात एक माणूस नाही की माणसाची खूण नाही. मला पेशवाईतला वाडा हवा होता. चित्राला कॉलेजच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं, सगळ्यांना आवडलं. आज ते बघताना मला त्या सात बिऱ्हाडांची माफी मागावीशी वाटते.

तो पत्रा अजून आहे. बिऱ्हाड गेलं तरी काकूंनी काढला नाही, मागे सरपण आणि जुन्या गाद्या ठेवल्या. यंदा मी त्याला दोन पूर्ण सकाळी दिल्या. एका डब्यावरचं ताडाचं झाड अजून फिकट दिसतं, उलटं लागलेलं. खिळ्यांच्या डोक्याखाली सोडावॉटरच्या बाटलीची चपटी केलेली बुचं आहेत, पत्रा फाटू नये म्हणून. ज्यानं कुणी ते केलं त्याला कामाची समज होती.

हे आडोसे, पोटमाळे, गॅलरीत घेतलेल्या मोऱ्या पुण्याच्या वाड्यांत का वाढल्या, याचं निम्मं उत्तर कायद्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. शहरात लोंढे येत होते, युद्धानंतरची टंचाई होती, त्या वेळी ते गरजेचंच होतं. पण कायदा तात्पुरता म्हणून आला आणि पन्नास वर्षं राहिला. काकूंच्या ट्रंकेत पावतीपुस्तकं आहेत. दोन खोल्यांचे महिना अकरा रुपये, आणि ते अकरा १९९० नंतरही अकराच. त्या पैशांत मालकाला एका पावसाळ्याची कौलंही फिरवता येत नव्हती. भाडेकरूची जागा स्वतःची नव्हती, म्हणून तो फक्त आजची गळती थांबवायचा. एक पत्रा, एक पाचर, एक सिमेंटचा गोळा. २००० साली नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा लागू झाला, भाडं दरसाल चार टक्के वाढवायला मुभा मिळाली. अकरावर चार टक्के म्हणजे किती ते कुणीही करून बघावं. मालक आणि भाडेकरू यांची भांडणं पुण्यात पुष्कळ गाजली. मला या वाड्याच्या अंगावर दोघांचीही ओढाताण दिसते, आणि दोघांनी मिळून तो पडू दिला नाही हेही दिसतं.

छप्पर काढायला मी माडीवर गेलो. आतून वर बघितलं तर वासे फार जवळजवळ आहेत, हातभर अंतरावर एकेक. वर मंगलोरी कौलं. मंगलोरी कौलाला एवढे वासे लागत नाहीत. कौल कौलात अडकतं, रिपांवर बसतं, वासे लांब लांब ठेवले तरी चालतं. म्हणजे हे वासे मुळात नळीच्या कौलांसाठी घातलेले. कुंभारानं चाकावर केलेली ती अर्धगोल कौलं एकावर एक नुसती रचलेली असत, मांजर धावलं तरी सरकत, म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी घर शाकारावं लागे. मंगळूरला बासेल मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्यानं १८६५ साली यंत्रावर दाबून कौलं करायचा कारखाना काढला, आणि पुढच्या काही दशकांत कोकणापासून देशापर्यंत घरांची डोकी बदलली. शाकारणी गेली. या वाड्याच्या मालकांनी कौलं नवी घेतली, वासे तेच ठेवले, आणि वर आडव्या रिपा ठोकल्या. मागच्या बाजूला कौलं संपून सिमेंटचा पत्रा येतो, त्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर दाबायला परत नळीची चार कौलं. ती कुठून आली विचारलं, तर परसात ढीग आहे, असं काकू म्हणाल्या. पहिल्या छपराची कौलं कुणी टाकून दिली नव्हती.

रेघ काढताना जुनं-नवं हाताला कळतं, ही माझी समज बरोबर आहे का हे ताडून बघायला मी मधले दोन दिवस वही घेऊन विश्रामबागवाड्यात जाऊन बसलो. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा १८०७ साली पुरा झाला. अकराच वर्षांनी पेशवाई गेली. १८२१ पासून तिथे इंग्रज सरकारची संस्कृत पाठशाळा भरू लागली. मे १८७९ मध्ये लागलेल्या आगीत बुधवारवाडा जळून गेला आणि विश्रामबागवाड्याचाही मोठा भाग जळाला. तो लोकवर्गणीतून परत उभा केला. पुढे तिथे नगरपालिकेचा कारभार चालला, खाली टपालकचेरी आली. बाजीराव रस्त्यावरून जाणाऱ्याला तो एकसंध पेशवाई वाडा वाटतो. रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर वही उघडून बसलं, की सुरूदार खांबांची आणि केळफुलांची दाटी कुठे आहे, कुठे विरळ होते, कुठे लाकडाची जागा साध्या कामानं घेतली आहे, हे हाताला कळायला लागतं. जिथे पेन्सिल वेगानं पळते तिथे काम नंतरचं. हा काही शास्त्रीय नियम नव्हे, पण मला तो बहुतेक ठिकाणी लागू पडताना दिसला. शनिवारवाड्यात उलट आहे. १८२८ च्या आगीनंतर तिथे जोती, तट आणि दरवाजे उरले, आणि दगडावरची दुरुस्ती लगेच दिसते, चित्र काढायची गरज पडत नाही. लाकूड आणि माती मात्र दुरुस्तीला पोटात घेतात.

परत आलो ते स्वयंपाकघरात बसलो. तिथे उजेड कमी, म्हणून कोळशानं काढलं.

वाड्यातल्या माणसाचं आयुष्य जमिनीवर होतं. बसणं, जेवणं, लिहिणं, दळणं, रांधणं. म्हणून खिडक्यांचे कट्टे जमिनीपासून वीत-दीड वीत वर. बसलेल्या माणसाच्या डोळ्याला चौक दिसावा असे. दिवळ्या बसल्या हाताच्या उंचीच्या. या स्वयंपाकघरातली खिडकी मात्र कमरेच्या वर सुरू होते आणि लोखंडी चौकटीची आहे. तिच्याखालचा गिलावा काढताना माझा कोळसा वेगळा घासला जाऊ लागला. हात फिरवला तर एक चौकोन जाणवला, जुनी खिडकी विटांनी बुजवलेली. तिच्यासमोर, जमिनीत, चुलीच्या जागेची खोलगट खूण. वरची तुळई तेवढ्याच पट्ट्यात काळी कुळकुळीत, दोन्ही बाजूंना तपकिरी. आणि या सगळ्याकडे पाठ करून, समोरच्या भिंतीला कडप्प्याचा ओटा.

“ओटा कधी झाला ते मला पक्कं आठवतं,” काकू म्हणाल्या. “धाकटा पोटात होता. वाकवत नव्हतं. सासूबाईंनी आधी नको म्हटलं, उभ्यानं रांधायचं म्हणजे काय. मग एक दिवस त्यांनीच मामंजींना सांगितलं, हिचे पाय बघा.”

ओटा आला म्हणून स्वयंपाक उभ्यानं, उभ्यानं म्हणून जुनी खिडकी खाली राहिली, म्हणून ती बुजवून नवी वर पाडली. खिडकीची चौकट टिळक रोडवरच्या भंगारवाल्याकडून आणली, तीस रुपये, हेही त्यांना आठवतं. दिवळीवर नंतर विजेच्या बटणांची फळी बसली. जिथे तेलाची पणती असायची तिथूनच काळ्या वायरी लाकडी पट्टीवरून वर जातात. दिवा लावायचा हात अंधारात जिथे जायचा तिथेच तो जात राहिला.

आता तो सहावा खांब.

१२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, आणि त्या पाण्यानं खडकवासल्याचं धरणही फोडलं. पुणेकरांना ही तारीख सांगावी लागत नाही. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठांत घरंच्या घरं बसली. काकूंचं लग्न त्याच उन्हाळ्यातलं. लोक ओरडत पळायला लागले, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या पदरात देव बांधले आणि पर्वतीकडे चालायला लावलं. दुसऱ्या दिवशी परत आल्या, तर चौकात गुडघाभर गाळ आणि घराला आतल्या भिंती नाहीत. कच्च्या विटांच्या आणि पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळून गेल्या होत्या. खांब उभे होते, तुळया जागेवर होत्या, माडीवरची अंथरुणं कोरडी होती. “चारी बाजूंनी आरपार दिसत होतं. वर माडी तशीच. आम्ही गाळात उभ्या राहून नुसत्या वर बघत होतो.”

वाड्याचा सगळा भार लाकडाच्या सांगाड्यावर असतो, भिंत फक्त मधली जागा भरते. माणसांनी वाटण्या करून, आडोसे घालून इतक्या भिंती हलवल्या तरी घर उभं राहिलं ते यामुळेच. पुरानंतर परत बांधलेल्या भिंती भाजक्या विटांच्या, सिमेंटातल्या, नऊ इंची. बाहेरच्या जुन्या भिंती दोन फुटी. नकाशा काढताना जाड रेघ अचानक बारीक होते, तिथे १९६१ साल आहे. धरणाबरोबर शहराचा नळ गेला होता, म्हणून बुजवायला काढलेला आड उपसून परत वापरात आणला. त्यावरची शहाबादी फरशी आत्ताची.

पेठेतल्या एका म्हाताऱ्या सुतारांना मी नवं चित्र दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा चढवून बराच वेळ बघितलं आणि सज्ज्याच्या रेघेवर नख ठेवलं. “पाण्यानं तळखड्याखालची माती नेली. खांब चार बोटं बसला.” मग म्हणाले, खिळ्यांवर असतं तर फाटलं असतं, इथे एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत आहे, सांधा जरा फिरला आणि सज्जा खांबाबरोबर खाली आला. वर पाचर असेल, बघा. होती. अंगठ्याएवढी, सागाची, तुळई आणि खांबाच्या फटीत ठोकलेली. चौकातून ती दिसत नाही. मी शिडी लावून तिचं वेगळं चित्र काढलं, प्रत्यक्ष मापाचं.

शेवटच्या दिवशी मी दोन्ही चित्रं काकूंना दाखवायला घेऊन गेलो. नवं त्यांनी पटकन बघितलं, पत्र्याचा आडोसा दिसल्यावर हसल्या, आणि बाजूला ठेवलं. जुनं मात्र मांडीवर घेऊन बसल्या. मला वाटलं, गॅलऱ्या नाहीत, बिऱ्हाडं नाहीत, हे त्या आता बोलणार. त्यांनी खांबांवर बोट ठेवलं.

“हे तू बरं काढलंस तेव्हा.”

जुन्या चित्रात सातही सुरूदार खांब खालच्या भागात गडद आहेत आणि एका उंचीवर तो गडदपणा संपतो. मी ती ओसरीची सावली समजत होतो. पण सावली सातही खांबांवर सारख्या उंचीला थांबणार नाही.

“गाळाचे डाग निघेनात. कोरलेल्यात बसले होते. रॉकेल लावून झालं, चिंच लावून झाली. मग यांनी तेलरंग आणला, पण पैसे पुरेनात, म्हणून पाणी चढलं होतं तेवढाच भाग रंगवला. मोठ्याच्या लग्नात सगळे खांब वरपर्यंत रंगवले, तेव्हा ते गेलं.”

म्हणजे पुराची रेघ आता वाड्यात कुठेच नव्हती. ती फक्त माझ्या त्या सरळ केलेल्या, माणसं काढून टाकलेल्या चित्रात होती, आणि मला माहीत नव्हती. मी फूटपट्टी घेऊन चित्रात खांबाची उंची मोजली, गडद भागाची मोजली, हिशेब केला. मग चौकात जाऊन पहिल्या खांबावर, चॉकलेटी रंगावर, पेन्सिलीनं एक खूण केली. माझ्या खांद्याच्या किंचित खाली आली.

काकू काठी टेकत ओसरीच्या कडेपर्यंत आल्या. खांबाला हात लावून उभ्या राहिल्या, खुणेकडे बघितलं, आणि तळहात आडवा धरून तिच्यावर ठेवला.

“अजून चार बोटं वर,” म्हणाल्या.